पाय का अडखळतात? कमी दिवसांच्या बाळाचा मेंदू आणि दीडशे वर्षांचा शोध

आजचा विषय तसा डॉक्टरी आहे. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांच्या मेंदूला होणारी इजा आणि त्यातून चालण्यात, उभं राहण्यात येणारं अपंगत्व. पण आज मी तो इतिहास म्हणून मांडणार आहे. त्याचं कारण सांगतो. असं मूल घरात असलं की एक प्रश्न हमखास विचारला जातो: कोणाचं चुकलं? कधी सुईणीकडे बोट जातं, कधी डॉक्टरकडे, आणि बहुतेक वेळा आईकडे. तिने काय खाल्लं, किती दगदग केली, ग्रहण पाळलं की नाही. हा प्रश्न आपल्याच घरातला नाही. वैद्यकशास्त्राने तो दीडशे वर्षं स्वतःलाही विचारला आणि दर वेळी वेगळं उत्तर काढलं. ती उत्तरं कशी बदलत गेली, ते आज पाहू.

सुरुवात लंडनपासून करू. विल्यम जॉन लिटल यांचा जन्म १८१०चा. लहानपणच्या आजारामुळे त्यांचं एक पाऊल आत वळलेलं होतं. डॉक्टर झाल्यावरही ते त्यांना छळत होतं. त्या काळात अशा पावलावर शस्त्रक्रिया करणं धोक्याचं समजलं जाई, कारण जखम चिघळायची. जर्मनीत हॅनोव्हरला श्ट्रोमायर नावाचे सर्जन कातडीला बारीकसं छिद्र पाडून आतल्या आत टाचेमागची शीर, म्हणजे कंडरा, कापत असत. १८३६ साली लिटल तिथे गेले, स्वतःच्या पायावर ती शस्त्रक्रिया करून घेतली आणि तंत्र शिकून परत आले. पुढे लंडनमध्ये त्यांनी अशा रुग्णांसाठी खास रुग्णालय सुरू केलं. वाकडे पाय, आखडलेले पाय घेऊन मुलं त्यांच्याकडे येऊ लागली.

त्यांतली काही मुलं वेगळी होती. त्यांच्या पावलात मूळचा दोष नव्हता. स्नायू सतत ताठ असायचे. उभं केलं की टाचा वर उचललेल्या, गुडघे एकमेकांना चिकटलेले, चालताना पाय कात्रीसारखे एकमेकांवरून जाणारे. हात त्या मानाने बरे. कित्येकांची बुद्धी चांगली. लिटल यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी आयांना विचारलं, हे मूल जन्मलं कसं? उत्तरं पुन्हा पुन्हा तीच आली: बाळंतपण अडलं होतं, बाळ जन्मल्यावर रडलं नाही, निळं पडलं होतं, किंवा ते दिवस भरायच्या आधीच झालं.

ऑक्टोबर १८६१ मध्ये लंडनच्या ऑब्स्टेट्रिकल सोसायटीपुढे त्यांनी आपला निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो छापला गेला. त्यात स्नायू ताठरलेल्या ४७ मुलांची माहिती होती. निबंधात त्यांनी शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डचा दाखलाही दिला, कारण तो राजा नाटकात आपलं व्यंग वेळेआधी जन्मण्याशी जोडतो. थोडक्यात, नाटककाराला जे सुचलं ते वैद्यांना सुचलं नव्हतं. त्यांच्या आधीचे डॉक्टर मूल जगलं की मेलं एवढंच मोजत. जगलेल्या मुलाचं पुढे काय होतं, हा प्रश्न लिटल यांनी पहिल्यांदा ठामपणे मांडला. हा आजार पुढे कित्येक वर्षं 'लिटलचा आजार' म्हणून ओळखला गेला. आज आपण त्याला स्पॅस्टिक डायप्लेजिया म्हणतो. सेरेब्रल पाल्सीचा हा एक प्रकार, आणि कमी दिवसांच्या मुलांमध्ये विशेष करून दिसणारा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अवघड बाळंतपणातून आलेली बहुतेक मुलं पुढे ठणठणीत होतात, हे लिटल यांनी स्वतःच सांगितलं होतं. पण वाचणाऱ्यांनी त्यातला सोपा अर्थ उचलला: मूल अधू झालं म्हणजे बाळंतपणात काहीतरी बिघडलं. बोट सुईणीकडे आणि डॉक्टरकडे वळलं ते इथून.

त्या बोटाला पहिली हरकत कोणी घेतली असेल? सिग्मंड फ्रॉइड यांनी. हो, तेच. मनोविश्लेषणासाठी जग त्यांना ओळखतं, पण त्याआधी ते मेंदू आणि मज्जातंतूंचे डॉक्टर होते. १८८६ पासून दहाएक वर्षं ते व्हिएन्नात मुलांच्या एका सार्वजनिक दवाखान्यात काम करत होते. तिथे त्यांनी अशी बरीच मुलं तपासली. १८९१ मध्ये सहकारी ऑस्कर री यांच्याबरोबर एक ग्रंथ, १८९३ मध्ये दुसरा आणि १८९७ मध्ये मुलांच्या मेंदूच्या पक्षाघातावर एक जाडजूड ग्रंथ. शेवटच्या पुस्तकाचा त्यांना इतका कंटाळा आला होता की मित्र फ्लीस यांना लिहिलेल्या पत्रांत ते तसं बोलून दाखवतात. पण त्या कंटाळवाण्या कामात एक मोठा मुद्दा होता. फ्रॉइड म्हणाले, आपण उलटं तर बघत नाही ना? बाळंतपण अवघड झालं म्हणून मेंदू बिघडला असं आपण समजतो. पण गर्भातच काही बिघडलेलं असेल आणि त्यामुळे बाळंतपण अवघड झालं असेल, तर? म्हणजे अडलेलं बाळंतपण हे कारण नसून लक्षण असू शकतं.

त्या काळात याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. पुढची जवळपास ऐंशी-नव्वद वर्षं लिटल यांच्या म्हणण्याचा सोपा अर्थच चालत राहिला.

आता लंडन-व्हिएन्ना बाजूला ठेवून पॅरिसला जाऊ. कमी दिवसांची मुलं मुळात जगतच नसतील, तर त्यांच्या पायांचा प्रश्न उभा राहत नाही. आपल्याकडे म्हणतात की सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. ही समजूत ग्रीक वैद्यकातही होती. हिप्पोक्रेटिसच्या नावावर आठव्या महिन्यातल्या बाळाबद्दल एक लेखनच आहे. खरं म्हणजे पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. तर पॅरिसमध्ये १८८० च्या सुमारास स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायची पेटी पाहिली आणि तशीच पेटी बाळांसाठी करून घेतली. आपण आज 'बाळाला काचेत ठेवलंय' म्हणतो, त्याची ही सुरुवात. पेटीमागचा विचार एवढाच: बाळाला ऊब हवी. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांतले मृत्यू त्यांच्या रुग्णालयात ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले. मुलं जगू लागली. आणि जगलेल्यांपैकी काहींचे पाय अडखळू लागले.

विसाव्या शतकाच्या मधल्या वर्षांत या मुलांसाठी खूप काही करून पाहिलं गेलं. हेतू चांगले होते. पण त्यातल्या काही उपायांनी इजा केली. दोन उदाहरणं देतो.

पहिलं ऑक्सिजनचं. १९४० च्या दशकात पेट्यांमध्ये भरपूर ऑक्सिजन सोडायची पद्धत आली. बाळ गुलाबी दिसायचं, सगळे खूश. १९४२ मध्ये बोस्टनच्या टेरी या नेत्रतज्ज्ञांनी या मुलांच्या डोळ्यांत एक नवाच आजार नोंदवला. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी संशय ऑक्सिजनवर घेतला आणि १९५४ पर्यंत अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांच्या एकत्रित अभ्यासाने तो खरा ठरवला. तोवर जगभरात सुमारे १०,००० मुलांची दृष्टी गेली होती. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. ऑक्सिजन हात राखून द्यायचा असा दंडक झाला. डोळे वाचले, पण काही वर्षांतच दिसू लागलं की श्वासाच्या आजाराने मरणारी बाळं वाढली आहेत. नेमका किती ऑक्सिजन द्यायचा, यावरचे मोठे प्रयोग २०१० च्या आसपासही चालूच होते.

दुसरं उदाहरण दुधाचं. त्याच काळात अनेक रुग्णालयांत कमी दिवसांच्या बाळाला पहिले दोन-तीन दिवस काहीच पाजत नसत. भीती अशी की दूध छातीत जाईल. म्हणजे ज्याच्या अंगात चरबी नाही, साठा नाही, त्यालाच उपाशी ठेवायचं. रक्तातली साखर उतरायची, कावीळ वाढायची. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या पामेला डेव्हिस आणि पीटर टिझर्ड यांनी १९७५ मध्ये आपल्याकडच्या दीड किलोच्या आतल्या मुलांचा हिशोब मांडला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पॅस्टिक डायप्लेजियाचं प्रमाण स्पष्टपणे उतरलं होतं. त्यामागे ऊब, लवकर दूध, एकूण काळजी यांतल्या सुधारणा असाव्यात, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे इजा जन्माच्या त्या एका क्षणातच होते असं नाही. जन्मानंतरच्या दिवसांतही ती होऊ शकते, आणि टाळताही येते.

पण मूळ कोडं अजून सुटलेलं नव्हतं. पायच का? हात त्या मानाने बरे, बुद्धी बरी, मग पायांनीच काय केलं?

याचं उत्तर मेंदूच्या आत होतं. १८६७ मध्ये बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्को यांना मृत नवजात बाळांच्या मेंदूत पोकळ्यांच्या कडेने फिकट, मऊ पडलेले डाग दिसले होते. त्या डागांचा नीट अभ्यास व्हायला जवळपास शंभर वर्षं गेली. १९६२ मध्ये बेटी बँकर आणि जान-क्लोदी लारोश यांनी ५१ बाळांच्या मेंदूंवरून तो केला आणि त्या इजेला नाव दिलं: पेरिव्हेन्ट्रिक्युलर ल्युकोमलेशिया. मोठं नाव आहे, अर्थ सोपा आहे. मेंदूच्या मध्यभागी पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांच्या भोवतीचा पांढरा भाग मऊ पडतो, विरघळतो. हा पांढरा भाग म्हणजे तारांचे जुडगे. मेंदूच्या वरच्या थरातून निघालेला 'पाय उचल', 'हात हलव' हा निरोप या तारांमधून खाली मणक्यात जातो. आता बघा, पायांकडे जाणाऱ्या तारा पोकळीला सगळ्यात जवळून जातात. हातांच्या त्याहून बाहेरून, चेहऱ्याच्या आणखी बाहेरून. पोकळीच्या कडेला इजा झाली की पहिला फटका पायांच्या तारांना बसतो. इजा पसरली तरच हात सापडतात. लिटल यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलेलं चित्र असं शंभर वर्षांनी उलगडलं.

मग कमी दिवसांच्याच बाळाला तिथे इजा का? कारण साधारण २४ ते ३२ आठवड्यांच्या काळात त्या तारांवर आवरण चढवणाऱ्या पेशी अजून कच्च्या असतात. रक्तपुरवठा कमी झाला किंवा अंगात जंतुसंसर्गाची सूज असली तर त्या लगेच मरतात. वर त्या वयात मेंदूतला रक्ताचा दाब सांभाळणारी यंत्रणा तयार झालेली नसते. त्याच पोकळीच्या कडेला नव्या पेशी तयार होण्याची एक जागा असते, तिथल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात आणि पटकन फुटतात. म्हणजे या बाळांच्या मेंदूत दोन धोके शेजारी शेजारी नांदतात: रक्त न पोचण्याचा आणि रक्त सांडण्याचा.

१९७० च्या दशकापर्यंत हे सगळं मृत्यूनंतरच कळायचं. मग सीटी स्कॅन आला. १९७८ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या लु-अॅन पॅपिल आणि सहकाऱ्यांनी दीड किलोच्या आतल्या ४६ बाळांचे स्कॅन काढले, त्यांपैकी २० जणांच्या मेंदूत रक्तस्राव निघाला. काहींमध्ये बाहेरून काहीच दिसत नव्हतं. त्यांनी रक्तस्रावाच्या चार पायऱ्या ठरवल्या. आजही आयसीयूत डॉक्टर 'ग्रेड वन', 'ग्रेड फोर' म्हणतात, ते तिथून आलं. लगोलग सोनोग्राफी आली, आणि तिला वाट मिळाली टाळूतून. आपल्या आज्या ज्या टाळूवर तेल घालतात, तिथे हाड जुळलेलं नसतं, त्यामुळे ध्वनिलहरी आत जातात. बाळाला हलवायला नको, पेटीपाशीच मेंदू पाहता येतो. तेव्हापासून जिवंत बाळाच्या मेंदूत काय चाललंय ते दिवसागणिक कळू लागलं.

याच सुमारास फ्रॉइड यांचा जुना मुद्दा पुन्हा वर आला. अमेरिकेत १९५९ ते १९६६ या काळात सुमारे ५४,००० गरोदरपणांची नोंद ठेवून त्या मुलांचा पुढे पाठपुरावा केला गेला होता. त्यावरून कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी १९८६ मध्ये दाखवलं की जन्मताना गुदमरल्यामुळे झालेली सेरेब्रल पाल्सी हा एकूण प्रकरणांचा लहान हिस्सा आहे. बाकीच्यांची मुळं बहुतांशी बाळंतपणाच्या आधीची. फ्रॉइड बऱ्याच अंशी बरोबर होते. पण लिटल चुकले असंही म्हणता येत नाही. वेळेआधी जन्मणं आणि ही इजा यांचं नातं त्यांनी दाखवलं ते खरंच होतं. इजेचा एकच क्षण शोधणं हे चुकत होतं. वेळेआधी कळा का आल्या, गर्भाशयात जंतुसंसर्ग होता का, जन्मानंतर श्वास कसा चालला, रक्तदाब किती चढउतरला, यांची ती साखळी असते. साखळी म्हटलं की तिच्या कड्या तोडता येतात का, हा पुढचा प्रश्न.

काही तोडता आल्या. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडचे ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर वेगळाच प्रयोग करत होते. त्यांच्या लक्षात आलं की गर्भातल्या कोकराला स्टेरॉइड दिलं की वेळेआधी जन्मूनही त्याची फुप्फुसं तयार असतात. १९७२ मध्ये त्यांनी रॉस हावी यांच्याबरोबर २८२ मातांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. इंजेक्शन मिळालेल्या मातांची बाळं श्वासासाठी कमी झगडली, कमी दगावली. पुढच्या प्रयोगांत मेंदूतला रक्तस्रावही कमी झालेला दिसला. पण अमेरिकेत हा उपाय सर्रास वापरा, अशी अधिकृत शिफारस व्हायला १९९४ उजाडलं. बावीस वर्षं. या विलंबाची खूण म्हणून कॉक्रेन या संस्थेने याच प्रयोगांचा आलेख आपलं बोधचिन्ह केलं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जन्माआधी आईला दिलेलं स्टेरॉइड उपकारक, म्हणून १९९० च्या दशकात ते जन्मानंतर बाळालाही मोठ्या मात्रेत देऊ लागले, व्हेंटिलेटर लवकर सुटावा म्हणून. सुटतही असे. पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका इस्रायली अभ्यासात अशा मुलांपैकी ४९ टक्क्यांना सेरेब्रल पाल्सी झालेली दिसली. ज्यांना ते दिलं नव्हतं त्यांच्यात १५ टक्के. २००२ मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हा वापर सरसकट करू नका म्हणून सांगितलं. औषधाचा प्रकार तोच होता. वेळ बदलली, मात्रा बदलली, परिणाम उलटा झाला.

तिसरी गोष्ट मॅग्नेशियम सल्फेटची. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येऊ नयेत म्हणून हे स्वस्त औषध जुन्या काळापासून देतात. १९९५ मध्ये नेल्सन आणि जुडिथ ग्रेथर यांनी कॅलिफोर्नियातल्या दीड किलोच्या आतल्या मुलांच्या नोंदी तपासल्या. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांपैकी ७ टक्क्यांच्या आईला हे औषध मिळालं होतं, न झालेल्यांपैकी ३६ टक्क्यांच्या. नुसत्या नोंदींवर विसंबायचं नाही म्हणून रीतसर प्रयोग झाले. २००८ मध्ये २,२४१ मातांवरच्या अमेरिकी प्रयोगात मध्यम ते तीव्र सेरेब्रल पाल्सी ३.५ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आली. सगळे प्रयोग एकत्र केले तर साधारण ६३ मातांना औषध दिलं की एक मूल वाचतं. २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटना ३२ आठवड्यांच्या आत प्रसूती होणार असेल तर हे द्या, असं सांगते.

आज चित्र कसं आहे? फ्रान्समध्ये २०११ साली जन्मलेल्या मुलांचा दोन वर्षांनी हिशोब केला. २४ ते २६ आठवड्यांत जन्मलेल्यांपैकी ६.९ टक्के मुलांना सेरेब्रल पाल्सी होती, २७ ते ३१ आठवड्यांत ४.३ टक्के, ३२ ते ३४ आठवड्यांत १ टक्का. धोका आहेच. पण बहुसंख्य मुलं त्यातून सुटतात.

आता मुंबईकडे येतो. ऑकलंडचा प्रयोग छापून आला त्याच १९७२ साली मुंबईत मिथू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती आणि तिला सामावून घेणारी शाळा इथे नव्हती. तिकडे इजा टाळायचा प्रयत्न, इकडे इजा झालेल्या मुलाला वर्ग मिळवून द्यायचा. दोन्ही लढाया सारख्याच महत्त्वाच्या. १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. ज्यांना एके काळी उपाशी ठेवत, त्यांच्यासाठी दुधाची पेढी. कायद्यालाही वेळ लागला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत आज सेरेब्रल पाल्सी आहे. भारतात २०२० मध्ये सुमारे ३० लाख बाळं वेळेआधी जन्मली. तेव्हा हा विषय दूरच्या देशांचा राहिलेला नाही.

शेवटची गोष्ट हाइन्झ प्रेख्टल यांची. मूल वर्ष-दोन वर्षांचं होईपर्यंत निदान करता येत नाही, असं बराच काळ समजलं जाई. प्रेख्टल यांनी बाळांच्या आपसूक हालचालींचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. निरोगी बाळ तीन महिन्यांच्या सुमाराला पाठीवर पडल्या पडल्या हातपाय, मान, मनगटं सतत बारीक बारीक वळवत असतं. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने १३० बाळांच्या अभ्यासातून दाखवलं की या हालचाली नसतील तर पुढे मज्जासंस्थेचा दोष निघण्याची शक्यता फार मोठी असते, आणि असतील तर धास्ती बरीच कमी होते. इथे हे तीन महिने जन्मतारखेपासून मोजायचे नाहीत, डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजायचे. दोन महिने आधी झालेलं बाळ घरात पाच महिन्यांचं असतं तेव्हा ही तपासणी करायची. मेंदू लवचीक असतो तेव्हाच व्यायाम आणि खेळ सुरू करता यावेत, म्हणून हे लवकर कळायला हवं.

तर 'कोणाचं चुकलं?' या प्रश्नाचं इतिहासाने दिलेलं उत्तर असं की बहुतेक वेळा एका माणसाचं, एका क्षणाचं चुकलेलं नसतं. आईने अमुक केलं म्हणून हे झालं, असं बहुतेक वेळा म्हणता येत नाही. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर त्या आईला हे जरूर सांगा, आणि बाळाची ती तीन महिन्यांची तपासणी चुकवू देऊ नका.